गोव्यातलं बेताच्या खर्चाचं थीम रिसॉर्ट: मुलाबाळांसह राहायला जाण्याआधी आणि गेल्यावर

चाच्यांचं जहाज उभं केलेला पूल, खोट्या वेलींनी मढवलेली लॉबी, रंगीत खिडक्यांचा पोर्तुगीज वाडा, झाडावरच्या घरासारखी खोली. कळंगुट, बागा, हडफडे या उत्तरेच्या पट्ट्यात आणि कोलवा, बाणावली या दक्षिणेच्या बाजूला अशी फॅमिली रिसॉर्ट्स भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडतात. ती परवडतात याचं एक कारण असं की थीमचा खर्च जिथे फोटो निघतो तिथेच केलेला असतो: गेट, लॉबी आणि पूल. खोली बहुतेक वेळा चारचौघांसारखीच असते. यात फसवणूक नाही, पण पैसे भरण्याआधी हे माहीत असलं तर मुलांचा हिरमोड होत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी एकच गोष्ट नीट शोधून काढा: या रिसॉर्टची थीम नेमकी कुठवर पोचली आहे?

थीम कुठवर आहे, ते कसं ओळखायचं

थीम तीन ठिकाणी असू शकते. खोलीत, म्हणजे भिंतीवरची चित्रं, वेगळ्या आकाराचा पलंग, बंक बेड. सामाईक जागेत, म्हणजे पूल, बाग, जेवणाचा हॉल. आणि कार्यक्रमांत, म्हणजे खजिन्याचा शोध, जादूचे प्रयोग, चित्रकला, संध्याकाळचे खेळ. चार ते दहा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त आनंद तिसऱ्या प्रकारातून मिळतो आणि वेबसाइटवर सगळ्यात कमी माहिती त्याचीच असते.

रिसॉर्टच्या व्हॉट्सॲप नंबरवर हे प्रश्न पाठवा आणि उत्तरं लेखी घ्या:

- मी बुक करतोय त्याच प्रकारच्या खोलीचा आत्ता काढलेला फोटो पाठवा. अल्बममधला नको.
- चित्रं असलेल्या खोल्या किती आहेत, आणि त्यातली एक मला नक्की मिळेल का? "उपलब्धतेनुसार" असं उत्तर आलं तर ते "नाही" असं समजून चाला.
- मुलांची खेळखोली किती वाजता उघडते? कितव्या वर्षापर्यंत प्रवेश आहे? वेगळे पैसे आहेत का?
- मधल्या वारी कार्यक्रम होतात की फक्त शनिवार-रविवारी?
- पुलातली घसरगुंडी आणि वरून पाणी ओतणारी मोठी बादली किती वाजता चालू असते?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बऱ्याच ठिकाणी विजेचा खर्च वाचवायला पंप दिवसातून काही तासच चालवतात. मुलं सकाळी आठला पुलावर पोचतात आणि घसरगुंडी कोरडी असते. कोरड्या फायबरवर बसून घसरलं की मांड्या सोलवटतात.

थीमच्या खोल्यांचे काही ठरलेले दोष आहेत. गोव्याची हवा दमट, आणि रंगवलेल्या भिंतीत ओल धरली की चित्राचे पापुद्रे सुटतात, खोलीला कोंदट वास येतो. गुहेसारख्या सजवलेल्या खोलीला खिडकी असलीच तर ती अनेकदा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत, उघडते. रंगीत एलईडीचे दिवे आणि खोलीचा मुख्य दिवा एकाच बटणावर असले तर रात्री एक तर पूर्ण अंधार, नाही तर जांभळा उजेड. बंक बेडच्या वरच्या पलंगाला कठडा आहे का ते विचारा, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, त्याने कितीही हट्ट केला तरी. मजला मागताना मधला मागा. तळमजल्याला पावसाळ्यात ओल असते, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये इतका तापतो की एसी रात्री उशिरापर्यंत झगडत राहतो.

खोलीचा हिशेब

"दोन मोठे, दोन मुलं" असं ॲपवर भरलं म्हणजे चार जणांना झोपायची सोय झाली असं नाही. साधारणपणे पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल वेगळा पलंग न घेता फुकट राहतं, त्यापुढे बारापर्यंत अर्धवट भाडं, आणि बाराच्या वर पूर्ण माणसाचं. ही वयाची रेघ प्रत्येक रिसॉर्टची वेगळी असते आणि ॲपवर ती बारीक अक्षरात असते. एक्स्ट्रा बेड म्हणजे बहुतेक ठिकाणी जमिनीवर टाकलेली गादी. दोनशे चौरस फुटांच्या खोलीत ती टाकली की बाथरूमला जायला वाट उरत नाही.

उदाहरण घेऊ. आई-वडील, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, मुक्काम तीन रात्री. साध्या खोलीचं भाडं रोज ३,५०० रुपये धरलं तर १०,५०० रुपये. मुलगी फुकट, मुलाची गादी आणि नाश्ता रोज ९०० प्रमाणे २,७००. एकूण १३,२००. त्यावर ५ टक्के जीएसटी ६६०, म्हणजे १३,८६० रुपये. त्याच ठिकाणी चौघांची फॅमिली रूम रोज ५,००० ला मिळत असेल तर तीन रात्रींचे १५,००० आणि जीएसटी ७५०, म्हणजे १५,७५०. फरक १,८९० रुपयांचा. तीन रात्री मुलांना स्वतःचे पलंग आणि सगळ्यांना पाय टाकायला जागा मिळत असेल तर हा फरक जरूर द्यावा. फरक पाच-सहा हजारांवर गेला तर मात्र गादीच बरी.

जीएसटीचा नियम लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. मर्यादा एका खोलीची, एका रात्रीची आहे. त्यामुळे ४,००० च्या दोन खोल्या घेतल्या तरी ५ टक्केच लागतो, पण ८,००० च्या एका स्वीटला १८ टक्के. आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन शेजारच्या खोल्या एका मोठ्या स्वीटपेक्षा स्वस्त पडण्याचं हे एक कारण. शिवाय आजोबांना रात्री लवकर दिवा मालवता येतो.

जेवणाचा प्लॅन

ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळा. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला बहुतेक वेळा सीपी सोयीचा. सकाळी मुलांना तयार करून बाहेर खायला नेणं हीच सगळ्यात मोठी कसरत असते आणि ती नाश्त्याने वाचते. एमएपीमधलं जेवण रात्रीचं धरलेलं असतं आणि बुफे साडेसात-आठला लागतो. दिवसभर पाण्यात खेळलेलं चार वर्षांचं मूल तोवर झोपलेलं असतं आणि त्याच्या ताटाचे पैसे वाया जातात. एमएपी घ्यायचाच असेल तर रात्रीऐवजी दुपारचं जेवण मिळेल का ते आधी विचारा. अनेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर बदलून देतात.

नाश्त्याला पहिल्या अर्ध्या तासात जा. गरम डोसा, ऑम्लेट आणि मोकळं टेबल तेव्हाच मिळतं. साडेनऊनंतर इडल्या वातड होतात आणि फळांच्या भांड्यात नुसतं टरबूज उरतं. तान्ह्या बाळासाठी मऊ भात, बिनतिखट वरण लागणार असेल तर आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगा. आयत्या वेळी सांगितलं तर "मेन्यूत नाही" असं ऐकावं लागतं. खोलीतल्या किटलीत दूध उकळू नका. तळाला लागतं, किटली खराब होते आणि तिचे पैसे बिलात येतात. किटलीत पाणी गरम करून त्यात दुधाची बाटली किंवा वाटी ठेवली की काम होतं.

पण इतकं सांगावंसं वाटतं की तिन्ही वेळा रिसॉर्टातच जेवू नका. बुफेतलं जेवण सगळ्या देशाच्या पाहुण्यांना चालेल असं केलेलं असतं, त्यात गोवा फार थोडा असतो. म्हापशात किंवा पणजीत सकाळी एखाद्या साध्या हॉटेलात भाजी-पाव आणि गोड बन खा. दुपारी शीत-कडी (भात आणि आमटी), सुकी भाजी, तळलेलं नुस्तं (मासे) आणि सोलकढी असलेलं ताट घ्या. शाकाहारी मंडळींना उडुपी हॉटेलं सगळीकडे सापडतात, आणि मुलांची पोटं त्या जेवणावर बिघडत नाहीत.

कधी आणि कुठे

दिवाळीचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि २२ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस बेताच्या खर्चाचे नाहीत. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच ठिकाणी गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे माणशी, खोलीभाड्याव्यतिरिक्त घेतात. बुकिंगच्या वेळी याबद्दल स्पष्ट विचारा. चांगले दिवस म्हणजे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, आणि जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर, तेही रविवार ते गुरुवार. मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून गर्दी असते. घाम निथळतो, पण पूल असल्याने मुलांचं निभावतं. पावसाळ्यात भाडी उतरतात आणि हिरवा गोवा फार देखणा असतो. मात्र समुद्रात उतरता येत नाही, शॅक, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळी, काढून टाकलेले असतात आणि वॉटर स्पोर्ट्स बंद. तेव्हा जाणार असाल तर छताखालची खेळखोली असलेलंच रिसॉर्ट निवडा. गणेशचतुर्थीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गोमंतकीय माणूस आपापल्या गावी घरच्या गणपतीला जातो. दुकानं, खानावळी बंद असतात आणि रिसॉर्टातही हात कमी असतात. ते दिवस टाळा.

"बीच पाच मिनिटांवर" यातली पाच मिनिटं गाडीची असतात. नकाशावर पायी वाट लावून बघा. हडफडे, नागवा, साळगाव, पर्रा इथली रिसॉर्ट्स स्वस्त आणि मोठ्या पुलाची असतात, कारण ती किनाऱ्यापासून आत आहेत. लहान मुलाला घेऊन एक किलोमीटर उन्हात चालणं जड जातं, म्हणून रिसॉर्टची किनाऱ्यावर नेणारी गाडी आहे का, परतीची शेवटची फेरी कितीची, हे विचारा. उत्तरेकडे गजबज, बाजार आणि खाण्याचे पर्याय जास्त. दक्षिणेला कोलवा सोडलं तर किनारे शांत आणि रुंद. आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर बाणावली-वार्क्याची बाजू घ्यावी.

रेल्वेने येत असाल तर उत्तरेसाठी थिवी आणि दक्षिणेसाठी मडगाव हे स्टेशन. उत्तरेत राहायचं असताना मडगावचं तिकीट काढलं की वेळ आणि टॅक्सीचे पैसे दोन्ही वाढतात. विमानाचंही तसंच. मोपा उत्तरेला सोयीचा, दाबोळी दक्षिणेला. दोन्ही विमानतळ गोव्याचेच म्हणून स्वस्त दिसेल ते तिकीट काढू नका. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्सचं ॲप, विमानतळावरचा प्रीपेड काउंटर किंवा रिसॉर्टने ठरवून दिलेली गाडी हे पर्याय, आणि हलकं सामान असेल तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस. रिसॉर्टकडून गाडी मागवलीत तर भाडं आधी लिहून घ्या.

भाड्याच्या स्कूटरची नंबरप्लेट काळी आणि त्यावरची अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली तर पोलिसांनी अडवल्यावर अडचण तुमची होते. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट बंधनकारक आहे, आणि आई-बाबा आणि मध्ये मूल अशी तिघांची स्वारी नियमात बसत नाही. चौघांच्या कुटुंबाला दिवसभराची टॅक्सी किंवा भाड्याची चारचाकीच योग्य.

पैसे भरताना

गोव्यात खोट्या रिसॉर्टच्या नावाने आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात. फोटो खऱ्या जागेचे असतात, फोन नंबर दुसऱ्याचाच. यूपीआयवर पैसे पाठवताना खात्याचं नाव व्यक्तीचं दिसलं तर थांबा. नकाशावर त्या जागेचा वेगळा नंबर असेल तर त्यावर फोन करून बुकिंगची खात्री करा. पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक मागा. खरं रिसॉर्ट दोन्ही लगेच देतं. आगाऊ रक्कम शक्यतो एका रात्रीच्या भाड्याएवढीच ठेवा.

पोचल्यावर सामान उघडण्याआधी

चेक-इन साधारण दुपारी दोनला असतं. सकाळच्या गाडीने पोचणार असाल तर पोहण्याचे कपडे आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत वर ठेवा. खोली तयार नसली तरी बहुतेक रिसॉर्ट्स पूल वापरू देतात. सगळ्या मोठ्यांचं ओळखपत्र लागतं, मुलांची आधार कार्डंही असू द्या, कारण वयावरून वाद झाला की तीच कामाला येतात.

खोली ताब्यात घेण्याआधी एसी लावा, गरम पाण्याचा नळ सोडा, फ्लश ओढा, बाल्कनीचं दार आतून कडी लावून बघा. बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा मोठी असेल किंवा कठड्याला लागून खुर्ची-टेबल असेल तर खुर्ची आत घ्या, आणि फट मोठी असेल तर खोली बदलून मागा. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हेही तिथेच विचारा. खोली बदलायची असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच बदलून मिळते. पलंगावर बॅगा उघडल्यावर कोणी ऐकत नाही.

पूल

मुलांचे निम्मे तास इथेच जाणार, म्हणून याचे नियम नीट पाळा.

नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा असतो आणि त्याला कारण आहे. सुती कपड्याचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात, रंग आणि साबण पाण्यात उतरतो आणि क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. बनियन-बर्म्युड्यावर उतरू देत नाहीत, आणि दारातल्या दुकानात तोच पोशाख दुपटीने मिळतो. घरूनच आणा. प्रत्येक मुलाला दोन जोड, कारण दमट हवेत एक जोड रात्रीत वाळत नाही.

उतरण्याआधी पाणी बघा. सगळ्यात खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर मुलांना सोडू नका, कारण अशा गढूळ पाण्यात बुडालेलं मूलही दिसत नाही. नाकात झोंबणारा "क्लोरीनचा" वास म्हणजे पाणी स्वच्छ असं बरेच जण धरून चालतात. उलट आहे: घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी, बाहेरचे पाहुणे आणि कंपन्यांचे गट येऊन गेल्यावर, तो हमखास येतो. म्हणून मुलांचा पुलाचा वेळ नाश्त्याआधी किंवा नाश्त्यानंतर लगेच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी गार असतं, तेव्हा दहानंतर.

बेताच्या रिसॉर्टात पुलावर जीवरक्षक असेलच असं नाही. पुलाशी उभा असलेला माणूस अनेकदा टॉवेल देणाराच असतो. त्याच्या भरवशावर राहू नका. घरातल्या एका मोठ्याने पाळी घ्यायची, मोबाइल बाजूला ठेवायचा आणि लहान मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं. दंडावरचे फुगे आणि रिंगा ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नाहीत. घसरगुंडी ज्या भागात उतरते तिथली खोली आधी स्वतः उभं राहून मोजा. लांब केसांच्या मुलींचे केस बांधा आणि तळाच्या जाळीशी खेळू देऊ नका. ढग गडगडायला लागले की सगळ्यांनी बाहेर.

समुद्र

पुलात तरबेज झालेली मुलं समुद्रातही तेवढ्याच धिटाईने शिरतात, आणि तिथेच घात होतो. दृष्टी संस्थेचे जीवरक्षक गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून आहेत. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात त्यांच्या मधल्याच पट्ट्यात उतरायचं. लाल झेंडा असेल तर घोट्याच्या वर पाणी नको. जून ते सप्टेंबर पोहायचंच नाही. संध्याकाळी सहानंतर पाण्यातून बाहेर या. जेलीफिश डसला तर चोळू नका, वाळू घासू नका, थेट जीवरक्षकाकडे जा. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं दोन्ही दंडनीय आहे. एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ मध्ये झाली होती, २०२५ मध्ये दंड आणखी वाढवला गेला. गाडीत शेगडी घेऊन येणाऱ्या मोठ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तिसऱ्या दिवशी मुलांना पूल आणि वाळूचा कंटाळा येतो. तेव्हा मिरामारचं विज्ञान केंद्र, बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय, फोंड्याच्या बाजूची मसाल्याची बागायत किंवा रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून जाणं यापैकी एकच काहीतरी अर्ध्या दिवसाचं ठेवा. मंगेशी-शांतादुर्गेला जाणार असाल तर त्या दिवशी मुलांचेही अंगभर कपडे असू द्या, देवळांत तोकडे कपडे चालत नाहीत.

ताप, उलटी, लागणं यासाठी १०८ ची रुग्णवाहिका आहे. उत्तरेला म्हापशाचं, दक्षिणेला मडगावचं जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज ही सरकारी ठिकाणं. ओआरएस, पॅरासिटामॉलचं मुलांचं औषध, डास पळवणारं मलम आणि कानाचे थेंब घरूनच आणा. पुलाच्या शेजारी लग्नाचा डीजे रात्री दहानंतरही चालू असेल तर आधी रिसेप्शनला, मग ११२ ला सांगा. उघड्यावर ध्वनिवर्धक दहानंतर चालत नाही.

निघताना

आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागा. सकाळी अकराच्या चेक-आउटला काउंटरवर गर्दी असते आणि गाडी चुकायच्या धास्तीने कोणी बिल वाचत नाही. तीन गोष्टी तपासा: फुकट ठरलेल्या मुलाचा नाश्ता वेगळा लावलाय का, न प्यायलेलं मिनीबारचं पाणी आलंय का, आणि जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आहे का. सेवाशुल्क सक्तीने घेता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तसा निकाल दिला आहे. नम्रपणे काढायला सांगा, बहुतेक लगेच काढतात. नाही काढलं तर रक्कम भरून बिल ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वेटर आणि खोली झाडणाऱ्या मावशींना जे द्यायचं ते त्यांच्या हातात द्या.

संध्याकाळची गाडी असेल तर सामान क्लोकरूममध्ये ठेवून पूल आणि कपडे बदलायची खोली वापरता येते का ते विचारून घ्या, पण ओले पोशाख सामानात कोंबायची वेळ येऊ नये म्हणून शेवटची डुबकी दुपारी दोनच्या आत आटपा आणि कपडे उन्हात तासभर तरी पसरा.